चवथीला मामांचा कॉम्प्युटर फॉरमॅट होता होता राहिला

चवथीला पेडण्याच्या घरी सगळे जमलो की कामं आपोआप वाटली जातात. माटोळी बांधायला मुलगे, नेवऱ्या तळायला मामी आणि आई, आणि घरात वायरीवर चालणारं जे जे काही बंद पडलंय ते माझ्याकडे. यंदा मी उंबऱ्यात चपला काढतेय तोच मामा म्हणाले, “बाय गो, आधी कॉम्प्युटर बघ. सारखी एक पाटी येते, १४ ऑक्टोबरनंतर तुमचं काही खरं नाही म्हणते.”

पाटी विंडोज १० ची होती. २०१५ च्या जुलैत आलेल्या या विंडोजला मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत सुरक्षा अपडेट देणार नाही, अशी ती सूचना. (हे विंडोज आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने ‘हे शेवटचं विंडोज’ असं म्हटलं होतं. आम्ही विश्वास ठेवला, काय करणार.) बेंगळुरूहून आलेल्या दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, तोडगा काढूनच ठेवला होता. “आरतीनंतर अर्धा तास दे. फॉरमॅट मारतो, विंडोज ११ टाकतो. हा प्रोसेसर चालत नाही म्हणतात, पण त्यालाही युक्ती आहे.”

दादाने पेन ड्राइव्ह लावलासुद्धा होता. मी सहज विचारलं, “मामा, यात तुमचं काय काय आहे?” मामांनी ‘घर’ नावाचा फोल्डर उघडून दाखवला, आणि पेन ड्राइव्ह जिथल्या तिथे राहिला.

त्या फोल्डरमध्ये आजीच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या, लग्नातल्या हळदीच्या, पाळण्याच्या, मिळून १४० च्या वर. आजी २०११ साली गेली. त्याआधीची तीन-चार वर्षं मामा संध्याकाळी तिच्यासमोर वही घेऊन बसायचे आणि रात्री टाइप करायचे. वही पुढे एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. म्हणजे आजीचा तो सगळा आवाज जगात फक्त एका जागी उरला होता, म्हापशाला २०१३ साली जोडून घेतलेल्या एका कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर. शिवाय भजन मंडळाचे जमाखर्च, जत्रेसाठी लिहिलेली चार नाटकं आणि कुळाची वंशावळ. बॅकअप? “तो काय असतो?” असं मामा म्हणाले नाहीत, ते म्हणाले, “दादाने एकदा घेतला होता.” कधी, ते दादालाही आठवेना.

आता दादा म्हणणार, आणि म्हणालाच, की एवढंच ना, फाइली पेन ड्राइव्हवर घेऊ आणि मग फॉरमॅट मारू. मी एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी आली. ओवीचा एक शब्द वाचता येईना.

तरुण मंडळींना हे सांगायला हवं, कारण तुम्ही मोबाइलवर मराठी लिहीत मोठे झालात. २००० च्या आसपास घराघरांत मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत. त्यांची युक्ती अशी होती: कॉम्प्युटर आत साठवायचा इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचा. कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे कळायचंच नाही. तो फॉन्ट असेपर्यंत ओवी, फॉन्ट नसला की खिचडी. त्यातही प्रत्येक कंपनीची खुणांची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाच्या फॉन्टात लिहिलेलं दुसऱ्याच्या फॉन्टात उघडलं तर तिसरंच काही दिसायचं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर एकच. देवनागरी युनिकोडात १९९१ पासून आहे, पण ती घरच्या कॉम्प्युटरवर सहज चालायला लागली विंडोज २००० आणि एक्सपीपासून, आणि आपल्या सवयीत उतरायला त्याहून पुष्कळ वर्षं गेली.

मामांचा टायपिंगचा प्रोग्रॅम त्याही आधीच्या धाटणीचा. गोव्यात बऱ्याच घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो सरकारच्या सायबरएज योजनेतून. अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर देण्याची ती योजना या शतकाच्या पहिल्या वर्षांत सुरू झाली. आमच्याकडे तो दादाच्या नावाने आला आणि वापरला मामांनी. तेव्हा घेतलेली प्रोग्रॅमची सीडी मामांनी जपून ठेवली, २०१३ च्या मशीनवर तीच टाकली, आणि २०१६ मध्ये दादाने विंडोज ७ वरून मोफत विंडोज १० केलं तेव्हाही तो प्रोग्रॅम टिकला. टिकला याचं कारण मला त्या दिवशी कळलं. मामांचं विंडोज ३२-बिटचं होतं. जुन्या सीडींवरचे बरेच प्रोग्रॅम, निदान त्यांची इन्स्टॉल करणारी फाइल, १६-बिटची असते. ३२-बिटच्या विंडोजवर ती चालू शकते. ६४-बिटच्या विंडोजवर ती उघडतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं.

म्हणजे दादाची युक्ती यशस्वी झाली असती तरी मामा दुसऱ्या दिवशी टाइप करायला बसले असते आणि त्यांना त्यांचं मराठी सापडलं नसतं. यात दादाचा दोष नाही. कॉम्प्युटर जुना आहे का, प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती, हेच प्रश्न आपण सगळे आधी विचारतो. त्यावर बसणारा माणूस रोज काय करतो, आणि त्यातलं काय पलीकडे जाणार नाही, हे विचारायला दहा मिनिटं लागतात. माझ्याही तोंडून ते सहज निघून गेलं म्हणून बरं.

मग तसाच ठेवायचा का? मामींचं मत तेच होतं. “चालतोय तर चालू दे की. १४ तारखेला काय स्फोट होणार आहे?” स्फोट होणार नव्हता. अपडेट थांबले तरी विंडोज १० चालूच राहतं. फक्त त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला, फाइलींना कुलूप लावून पैसे मागत. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना त्याने बेजार केलं, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही ठाण्यांतले कॉम्प्युटरही अडकले. ज्या भोकातून तो शिरत होता त्यावरचं ठिगळ दोन महिने आधी, मार्चमध्येच, आलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते सापडले. ज्यांचं विंडोज ठिगळं मिळण्याच्या पलीकडे जुनं झालं होतं, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टला नंतर घाईघाईने वेगळं ठिगळ काढावं लागलं. फाइलींना कुलूप, हे वाचून मला आजीच्या ओव्याच आठवतात. आणि मामा या मशीनवरूनच बँकेचं पान उघडतात, पेन्शन जमा झाली का बघतात. नेटला जोडलेलं ते मशीन तसंच सोडणं मला पटेना. नेटची वायर काढून फक्त टायपिंगसाठी ठेवा, असं मी सुचवलं. मामा म्हणाले, “मग यूट्यूबवर भजन कुठे ऐकू?”

हा तिढा आमच्याच घरात नाही. एकाच महिन्यात माझ्या ओळखीत तीन कॉम्प्युटर आणि तीन वेगळी उत्तरं निघाली, म्हणून बाकीच्या दोघांचंही सांगते.

डिचोलीच्या मावशीकडे २०१९ चा डेस्कटॉप. तोही विंडोज ११ ला ‘अपात्र’ दाखवत होता आणि दुकानदाराने नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं मोफत साधन चालवलं, तर बाकी सगळं ठीक, फक्त टीपीएम २.० नाही. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या सांभाळणारी आतली तिजोरी. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आणि नंतरच्या बहुतेक मशीनमध्ये ती असते, पण घरी जोडलेल्या कॉम्प्युटरांत पुष्कळदा बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ शोधायचं आणि चालू करायचं. मावशीचा कॉम्प्युटर पाच मिनिटांत पात्र झाला, अपग्रेड फुकटात झालं. एक सांभाळा: नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलात की काही मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. वडिलांचं खातं तुम्ही तुमच्या फोन नंबरवर उघडून दिलं असेल तर हे नक्कीच करा.

दुसरा आमचा पणजीतला लॅपटॉप, २०१८ सालचा, प्रोसेसर सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला. मशीन उत्तम चालतंय, मुलीचा अभ्यास त्यावर, नवीन घ्यायची इच्छा नाही. त्यावर आम्ही मुदतवाढ घेतली. मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. ३० डॉलर भरा, नाहीतर त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर सेटिंगचा बॅकअप त्यांच्या खात्यात जोडून फुकट घ्या. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. १४ ऑक्टोबर उलटून गेली म्हणून हातावर हात धरून बसू नका, अजूनही नोंदणी होते. पण ही एका वर्षाची उसनवारी आहे. पुढच्या चवथीनंतर महिनाभरात तोच प्रश्न पुन्हा दारात.

मामांना अशी उसनवारी नको होती. “दरवर्षी तुम्ही येणार आणि दरवर्षी मला नवीन तारीख सांगणार.” नवीन कॉम्प्युटर घेऊन देतो, असं दादा तीन वेळा म्हणाला. मामांनी ऐकल्यासारखं केलं नाही. निवृत्त शिक्षकाला मुलाच्या पैशाने घेतलेली वस्तू वापरताना काय वाटतं ते ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक.

शेवटी ठरलं ते असं. जुन्या हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, ती जशीच्या तशी बाहेर काढायची. तिच्या जागी नवीन एसएसडी बसवायची आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकायचं. ते फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि आताच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. मामांचा प्रोसेसर मुळात ६४-बिटचाच होता, विंडोजच ३२-बिटचं घातलेलं. लिनक्स म्हटल्यावर दादाच्या कपाळावर आठी पडली, “बाबांना झेपेल का?” केरळच्या सरकारी शाळांत लाखावर कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि तिथली पाचवीतली पोरं ते वापरतात, गोव्यातही २००० नंतर काही शाळांत स्वयंसेवकांनी ते बसवलं होतं, वगैरे मी सांगितलं. पण खरं उत्तर पोरांकडे नव्हतं, मामांच्या बोटांत होतं. मिंट पेन ड्राइव्हवरून डिस्कला न शिवता चालवून बघता येतं. तसं लावून दिलं आणि म्हटलं, मामा, काहीतरी टाइप करा.

मला धास्ती होती ती कीबोर्डची. मामांच्या वयाचे पुष्कळ लोक टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेले. मामांनी बोटं ठेवली, क्षणभर चाचपलं आणि ‘श्री’ उमटवला. मग सरळ वाक्यच लिहीत सुटले. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी पहिल्यापासून इनस्क्रिप्ट मांडणी निवडलेली होती. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही सी-डॅकची सरकारी मांडणी. विंडोजमध्ये, लिनक्समध्ये, सगळीकडे तीच मिळते. शिफ्ट धरून र दाबला की ऱ, शिफ्ट धरून ल दाबला की ळ, वीस वर्षांपूर्वीही आणि आताही. हात तेच राहिले, आत साठणारी अक्षरं मात्र आता खरी देवनागरी. तुमच्या घरी कोणी इनस्क्रिप्टवर टाइप करत असेल तर अर्धं काम झालेलं आहे असं समजा. टाइपरायटरच्या मांडणीवाले असतील तर नवीन काही बसवण्याआधी तीच मांडणी तिथे मिळते का ते असं पेन ड्राइव्हवरून तपासा.

पुनव होईपर्यंत मामा मशीन उघडू देणार नव्हते. पेडण्याच्या पुनवेआधी मंडळाची पत्रकं टाइप व्हायची असतात. ती कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला झाली आणि मी शनिवारी, ११ तारखेला, एसएसडी घेऊन कोलवाळचा पूल ओलांडला. आधी ‘घर’ फोल्डर दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर. त्याबरोबर विंडोजमधला सगळा फॉन्टचा फोल्डरही, कारण फाइल घेतली आणि फॉन्ट राहिला तर ती खिचडीच. मग जुन्या फाइलींची जुन्याच प्रोग्रॅममधून प्रिंट काढली, निदान ओव्यांची तरी. हा कागद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॉन्ट, फॉरमॅट, वेलांट्या सगळं बिघडलं तरी मूळ काय होतं ते त्यावर दिसतं. इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली, अर्थातच. पण इन्व्हर्टर होता. पावसाळ्यात पेडण्याला हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय करायला बसू नका.

जुनी डिस्क आता मामींच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट आहे. ती परत लावली की जुनं विंडोज, जुना प्रोग्रॅम, सगळं जसंच्या तसं. मामा त्यामुळेच तयार झाले असं मला वाटतं. मागे जायची वाट बंद नाही म्हटल्यावर पुढे जायला माणूस इतका खळखळ करत नाही.

ओव्या मात्र अजून पूर्ण पलीकडे गेलेल्या नाहीत. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, आम्ही तसलंच एक वापरलं. ते चुकतं आणि ठरावीक जागी चुकतं. जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर, युनिकोडात अक्षराआधी. साधनाला ही उलथापालथ प्रत्येक शब्दात करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की गडबडतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला ऱ म्हणजे तर मराठीचं खास दुखणं. हिंदीसाठी केलेल्या साधनांना तो माहीतच नसतो. जुन्या वेबसाइटवर ‘दुस-या’ अशी मधे आडवी रेघ असलेले शब्द तुम्ही पाहिले असतील, ते याच भानगडीतून आलेले. पुस्तकी मराठीतल्या चुका निदान ओळखता येतात. आजीची भाषा पेडण्याची, अर्धी मराठी, अर्धी कोंकणी, मधेच तिसरं काहीतरी. एखादा शब्द साधनाने बिघडवलाय की आजी तसाच म्हणायची, हे मला सांगता येत नाही. दादालाही नाही.

ते मामांनाच सांगता येतं. म्हणून सध्या असं चाललंय की दादाची मुलगी, वय १२, शाळा बेंगळुरूची इंग्रजी माध्यमाची, रविवारी व्हिडिओ कॉलवर बदललेली ओवी मोठ्याने वाचते आणि मामा प्रिंटचा कागद समोर धरून ऐकतात. ती अडखळली की ते थांबवतात. कधी चूक साधनाची असते, कधी तिची. दोन्ही दुरुस्त होतात. काल-परवापर्यंत ५२ ओव्या झाल्या. गेल्या रविवारी तिने विचारलं, “आजोबा, ‘जातं’ म्हणजे गो का?” आणि त्या दिवशी एकच ओवी झाली, कारण मामींनी फोन उचलून माळ्यावरचं जातं दाखवायला नेला.

प्रिंटर मात्र मिंटवर अजून चालत नाही. मंडळाचा हिशोब मामा मोबाइलवर पाठवतात आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात, आणि दर वेळी मला फोन करून ते किती रुपयांना पडलं ते सांगतात. त्याच्या ड्रायव्हरचं बघतेय. जमलं तर पुढच्या महिन्यात लिहीन.